नऊ नंबरचा खिळा

माझ्या नवऱ्याला खिळा द्यायचा की नाही, हा वाद आमच्याच घरात, आमच्याच टेबलावर, मी रांधलेली मासळी खात खात दोन वर्षं चालला होता. ऐकणाऱ्याला वाटेल, हे काय भलतंच. म्हणून आधी खिळ्याचं सांगते.

बहारीनला हूरा भागात एका कोल्ड स्टोअरच्या वर आमच्या फुटबॉल टीमची खोली होती. तिथे किराणा दुकानाला कोल्ड स्टोअरच म्हणतात, आत थंड काही असो वा नसो. टीम अर्धी आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांची आणि अर्धी रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांची. अशी टीम का झाली, तर दोघांनाही दुसरं कोणी घेत नव्हतं, आणि मैदानात मराठीतून शिव्या दिल्या तर कळतील असे एवढेच लोक हाताशी होते. शुक्रवारी मॅच संपली की त्या खोलीत अर्धी टीम संध्याकाळची, मगरिबची नमाज पढायची आणि बाकीची अर्धी जिन्यात उभी राहून सिगरेटी ओढायची. नमाजाच्या खोलीत माणसांचे फोटो नकोत, म्हणून भिंतीवर फोटो लावायचे नाहीत असं ठरलं. मग क्रूसही नको, हे आमच्या लोकांनी आपणहून ठरवलं. पण खेळ सोडलेल्या मोठ्या खेळाडूंची काहीतरी आठवण तर हवी. तेव्हा त्याची जर्सी भिंतीवर लावायची, त्याच्या स्वतःच्या खिळ्यावर, आणि तो नंबर पुन्हा कोणी घालायचा नाही, अशी पद्धत पडली. वर्षातून एकदा आम्ही बायका त्या जर्सी उतरवून धुवायचो आणि पुन्हा आपापल्या जागी लावायचो.

खिळा मिळणं सोपं नव्हतं. खेळ सोडून दोन सीझन व्हावे लागत. नाव आपल्या माणसाने काढायचं नाही. ख्रिस्त्याचं नाव मुसलमानाने काढायचं आणि मुसलमानाचं ख्रिस्त्याने. आणि बरोबर खेळलेल्यांपैकी एकानेही नाही म्हटलं, तर त्या वर्षी खिळा नाही. हे नियम कोणा शहाण्याने केले होते ठाऊक नाही. त्यामुळे टीममध्ये कधी फूट पडली नाही एवढं खरं, पण माझं डोकं मात्र फुटायची वेळ आली.

माझे मिस्टर हूऱ्यातल्या एका हॉटेलात स्टोअरकीपर होते आणि टीममध्ये नऊ नंबर, सेंटर फॉरवर्ड. त्यांचं काम एकच. पुढे उभं राहायचं आणि मागून लांबून आलेला बॉल घ्यायचा. तुबलीच्या खाडीमागचं आमचं मैदान म्हणजे नुसती खारी वाळू, गवताची काडी नाही. टप्पा पडून बॉल कुठे उडेल याचा नेम नसायचा आणि भल्याभल्यांचं तिथे हसं व्हायचं. पण ह्यांच्याकडे बॉल आला की तो छातीवर बसायचा, तिथून मांडीवर, तिथून पायाशी, आणि गप्प पडून राहायचा. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. मी मैदानाच्या कडेला गाडीत बसून डाळ निवडायची. तरी ह्यांच्याकडे बॉल जाताना दिसला की माझा हात थांबायचा.

गोल तर ह्यांनी ढिगाने केले. मग अडलं कुठे? अडलं ते असं की हे धावायचे नाहीत. मॅचभर दुसऱ्या टीमच्या गोलपाशी, थोडे डावीकडे, कमरेवर हात ठेवून उभे. आमच्या गोलवर कितीही आकांत चाललेला असो, हे तिकडून शांतपणे बघत राहायचे, परक्याच्या घरचं भांडण बघावं तसे. मधूनच एक हात वर करायचे. म्हणजे, बॉल काढलात की इकडे मारा.

आणि तो मारणारा होता भाई. भाई म्हणजे रत्नागिरीकडचे, तुबलीत एका गॅरेजमध्ये मेकॅनिक, आणि टीमचे बॅक, मागे राहून बॉल अडवणारे. सत्तरच्या दशकात हे दोघं एकाच वर्षी बहारीनला आले. लग्नाआधी कितीतरी दिवस एका खोलीत राहिले, एका पातेल्यात भात शिजवून खाल्ला. माझ्या लेकीच्या वेळी मला अचानक कळा सुरू झाल्या, तेव्हा हे हॉटेलात स्टॉक मोजत होते आणि मला हॉस्पिटलात नेलं ते भाईंनी, गिऱ्हाइकाच्या गाडीतून. मला सख्खा भाऊ नाही. असता तर त्याने यापेक्षा जास्त काय केलं असतं?

खेळही दोघांनी एकाच वर्षी सोडला. दोन सीझन झाल्यावर भाईंना पहिल्याच सभेत खिळा मिळाला. आमच्याच एका वसईकराने नाव काढलं आणि कोणी हूं की चूं केलं नाही. ह्यांच्या नावाला मात्र एकच माणूस नाही म्हणाला, तो भाई.

असं असूनही दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला यायचेच. तिकडे सुट्टी शुक्रवारचीच, म्हणून सकाळी आमचा मिस्सा, दुपारी त्यांची जुम्म्याची नमाज, आणि मग दोघं समोरासमोर ताटावर. शुक्रवारी आम्ही मटण खात नसू, म्हणून मी मासळीच करायची, बहुतेक वेळा हामूरचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. भाई तुकडा तोंडात घालायचे, "भाबी, आज कालवन एक नंबर झालाय," म्हणायचे आणि लगेच मिस्टरांकडे वळून, "पन तुला खिला नाय."

"का नाही? गोल कोणी केले?" हे विचारायचे.

"गोल तू केलास. पन बॉल कुनी दिला? मी मागं तिगं तिगं अंगावर घेतंय, पाय फुटलाय, आनि तू तितं उबा. एकदा तरी मागं आलास?"

"मी मागे आलो असतो तर पुढे कोण होतं?"

"त्या मॅचला तरी यायचा होता!"

ती मॅच म्हणजे आम्ही हरलेली एक फायनल. शेवटच्या मिनिटांत दुसऱ्या टीमचे तिघं भाईंवर चालून आले, भाई एकटे पडले आणि बॉल त्यांच्याच पायाला लागून आपल्या गोलमध्ये गेला. त्या क्षणी हे मैदानाच्या त्या टोकाला एक हात वर करून उभे होते. तो वर केलेला हात भाईंना आयुष्यात विसरता आला नाही. ती मॅच निघाली की हे भाकरी मोडत बसायचे.

एकदा आमची लेक, जी मराठी सगळं समजायची पण उत्तर इंग्लिशमध्ये द्यायची, पाणी प्यायला आत आली आणि सरळ म्हणाली, "बट पप्पा इज लेझी, ना?" भाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. हेही हसले. मी लेकीला डोळे वटारून बाहेर पाठवलं, पण मनात म्हटलं, पोरगी खोटं काय बोलली?

कारण खरं सांगायचं तर या वादात मी नवऱ्याच्या बाजूने नव्हते. घरातही हे सेंटर फॉरवर्डच. गॅस संपला, हे उभे. पाहुणे येऊन दारात ठाकले, पंख्याखाली उभे. लेक तापाने फणफणली आणि मी एका हाताने पट्ट्या ठेवत दुसऱ्या हाताने ड्यूटी बदलून घ्यायला फोन फिरवतेय, तर हे खोलीच्या दाराशी उभे. सांगितलं तर करायचे, अगदी नीट करायचे. पण सांगेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मी नर्स. माझा सगळा जन्म धावण्यात चाललेला. उभ्या माणसाकडे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. भाई ताटावर बसून ह्यांना जे जे बोलायचे, ते ते मला टाळ्या वाजवून ऐकावंसं वाटायचं.

मग चौऱ्याऐंशीच्या सुमाराला ह्यांचं हॉटेल विकलं गेलं. नवा मालक आपली माणसं घेऊन आला आणि ह्यांना नोटीस मिळाली. दुसरीकडे जमतं का ते पाहिलं, नाही जमलं. व्हिसा कॅन्सल. माझा व्हिसा हॉस्पिटलचा, त्याच्यावर नवऱ्याला ठेवता येत नव्हतं. तेव्हा असं ठरलं की ह्यांनी आधी वसईला जायचं, आणि लेकीची परीक्षा आणि माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं की आम्ही मायलेकींनी मागून जायचं. टीमची सभा त्याआधी होती. म्हणजे खिळा मिळायचा तर याच सभेत. पुढच्या वर्षी जर्सी द्यायला माणूसच नसणार होता, आणि बेट सोडून गेलेल्याचं नाव पुन्हा निघाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

ह्यांनी दाखवलं काहीच नाही. "खिळ्याला काय करायचंय? डोक्यावर पडला तर टाके घालावे लागतील," असली चेष्टा. पण एका दुपारी ड्यूटीवरून आले तर ह्यांनी ट्रंकेतून नऊ नंबरची जर्सी काढून पलंगावर पसरून ठेवलेली. मला म्हणाले, "वेळ मिळाला तर जरा धुशील का?" धुतलेलीच होती. मी स्वतः धुऊन, कडुलिंबाचा पाला घालून ठेवली होती. तरी घेतली आणि पुन्हा धुतली. नंबराचा एक टाका सुटला होता तो घातला.

त्या दिवशी मला ह्यांची कीव आली आणि माझीही आली. इतकी वर्षं आम्ही त्या बेटावर राबलो. घर भाड्याचं, ओळखीचं कार्ड कंपनीचं, राहायची परवानगी दुसऱ्याच्या सहीवर. आपण गेल्यावर तिथे आपलं म्हणून काहीही उरणार नव्हतं. एका माणसाने तरुणपण घातलं, तर भिंतीत एक खिळा मागितला त्याने, यात फार काय मागितलं? आळशी तर आळशी. माझा नवरा आहे.

मी तडक तुबलीला गेले. भाई एका पिकअपखाली आडवे होते, नुसते पाय बाहेर. मी त्या पायांशीच बोलले. म्हटलं, "भाई, हे चालले. आता तरी ते खूळ सोडा. ह्यांना बरं वाटेल."

भाई बाहेर आले, हात पुसले, मला बसायला टायरवर फडकं टाकून दिलं. मग म्हणाले, "भाबी, तुमी जीव मागा. पन ह्या मागू नका. तुमच्या सांगन्यावरनं दिला तर तो खिला तुमचा झाला, त्याचा नाय. त्याला कलल्याबिगर राहील? रोज वसईला बसून म्हनंल, बायकोनं मागितला म्हनून दिला."

"म्हणजे माझ्या घरचं खाता आणि माझ्याच नवऱ्याला नाही म्हणता."

"खातंय म्हनून खोटा बोलू?"

मी टायरवरून उठले. मी म्हटलं, "मग शुक्रवारी येऊ नका जेवायला." आणि टॅक्सी थांबवून घरी आले.

त्या शुक्रवारी भाई खरंच आले नाहीत. ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं. हे ताट वाढून बसले, एकदा खिडकीशी जाऊन आले, पुन्हा बसले. कालवण गार झालं. "गाडीबिडी बंद पडली असेल," म्हणाले आणि दोन घास खाऊन उठले. भाईंचं मांडलेलं ताट मी उचलून ठेवलं. पुढच्या शुक्रवारी भाई दारात हजर, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली साफी, म्हणजे तिकडची एक मासळी, अगदी ताजी. "भाबी, आज माझ्या घरचा खा," म्हणाले. मी मासळी घेतली, साफ केली, तळली.

सभेच्या दिवशी आधी म्हाताऱ्यांची मॅच असायची. खेळ सोडलेले जुने खेळाडू एका बाजूला आणि चालू टीम दुसऱ्या बाजूला. जिंकण्या-हरण्याला अर्थ नसायचा. पोटं सुटलेली माणसं जुने बूट घालून लंगडत धावायची आणि बायका गाड्यांतून हसायच्या. त्या वर्षी हे खेळणार नाही म्हणाले. "आज सभा आहे. मी खेळलो तर म्हणतील, दया यावी म्हणून लंगडतोय." आणि खरंच माझ्या शेजारी गाडीत येऊन बसले. म्हाताऱ्यांना एक माणूस कमी पडला म्हणून चालू टीममधला एक बँकेतला पोरगा त्यांनी उसना घेतला. बावीस-तेवीसचा, चपळ, सगळीकडे धावणारा. असाच सेंटर फॉरवर्ड हवा म्हणून भाई त्याचं नेहमी कौतुक करायचे.

आता एक गोष्ट मलाही त्या दिवसापर्यंत सुचली नव्हती. भाई आणि हे एकमेकांशिवाय कधी खेळलेच नव्हते. सुट्टीलासुद्धा दोघं उन्हाळ्यातच जायचे, जेव्हा मैदान भाजत असायचं आणि फुटबॉल बंद असायचा.

मॅच सुरू झाली. दुसऱ्या टीमच्या पोरांनी धडक मारली, भाईंनी मध्ये पाय घालून बॉल काढला आणि नेहमीसारखी खणखणीत किक मारली. बॉल उंच गेला, मैदान ओलांडून पार त्या टोकाला, गोलच्या थोडा डावीकडे पडला आणि उडत उडत खाडीकडे गेला. तिथे चिटपाखरू नव्हतं. बँकेतला पोरगा मदतीला मागे आलेला, भाईंपासून हातभर अंतरावर. भाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग बॉल गेला तिकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. बॉल त्याच जागी, जागा मोकळी. गाड्यांतून हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "भाई, चष्मा!" तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हसत नव्हते. पुढच्या काचेतून त्या मोकळ्या जागेकडे बघत होते आणि उजवा हात मांडीवरून नकळत थोडा वर उचलला गेला होता.

मग भाईंनी जे केलं ते त्या मैदानावर कोणी कधी पाहिलं नसेल. चालू मॅच सोडून ते सरळ आमच्या गाडीकडे चालत आले. रेफरी शिट्ट्या मारतोय, इकडे लक्षच नाही. येऊन बॉनेटवर थाप मारली.

"उतर खाली!"

"बूट नाही आणले," हे काचेतून म्हणाले.

"चपलेवर ये. यल्ला, चल!"

हे उतरले. पँट, इस्त्रीचा शर्ट, पायात चामड्याच्या चपला, अशा थाटात चालत, धावत नव्हे, मैदानाच्या त्या टोकाला गेले आणि आपल्या जागी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. बँकेतल्या पोराला बाहेर बसवलं. दोन-चार मिनिटं गेली असतील. भाईंनी बॉल काढला आणि खाली मान घालूनच मारला. बॉल उंच चढला, माझा हात डाळीत थांबला, आणि तो बॉल येऊन ह्यांच्या छातीवर बसला. छातीवर म्हणजे खरं तर पोटावर, आता तेच पुढे आलं होतं. तिथून मांडीवर, मांडीवरून पायाशी. गप्प. हे वळले आणि जोरात मारायला गेले. बॉल गोलकीपरच्या हातात गेला आणि चप्पल गोलमध्ये.

इतकं हसू त्या मैदानावर पुन्हा झालं नसेल. गोलकीपरने बॉल टाकून दिला आणि चप्पल डोक्यावर धरून नाचला. हे एका पायावर उभे राहून हसत होते. भाई मात्र हसले नाहीत. वाळूत उकिडवे बसले.

संध्याकाळी नमाज झाली आणि सभा भरली. नियमाप्रमाणे ज्याचं नाव निघणार त्याने बाहेर जिन्यात बसायचं. हे एका पायरीवर जाऊन बसले. मी चहाची किटली घेऊन दाराच्या आत उभी होते. अध्यक्ष होते रायगडचे एक कापडवाले चाचा. त्यांनी विचारलं, "नऊ नंबर. कुनी नाव काढतंय का?"

भाई उठले.

"हा मानूस आलशी हाय," ते म्हणाले.

"अरे, नाव काढतोस का शिव्या देतोस?" चाचा म्हणाले.

"नाव काढतंय म्हनूनच बोलतंय चाचा, ऐका. आलशी हाय हा मी आदी बी बोललो, आज बी बोलतंय, उद्या त्याच्या तोंडावर बोलीन. पन आज माजा बॉल कुटं गेला, सगल्यांनी बगितला. लोक बोलायचे, भाईची किक लय नेमकी. मला बी तसाच वाटायचा. आज कलला, माजी किक नेमकी नव्हती. तो नेमका उबा असायचा. इतकी वर्सं मी मान वर केली नाय. कदी करायची पालीच आली नाय. अंगावर तिगं असू देत, पाय फुटलेला असू दे, मला एक ठाऊक असायचा का तितं तो हाय." भाईंनी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. "त्या फायनलला तो मागं यायला पायजे होता असा मी म्हनत आलो. पन आला असता, आनि मी बॉल काडला असता, तर मारला असता कुनाकडं? द्या त्याला खिला. खलास."

मग चाचांनी विचारलं, "कोनाचा नाय म्हनना हाय?" कोणाचंच नव्हतं.

आणि मी, किटली हातात धरून, तिथे उभ्या उभ्या निराळ्याच गोष्टीचा विचार करत होते. माझी रात्रपाळी सकाळी सातला सुटायची. हॉस्पिटलच्या गेटबाहेर वॉचमनची केबिन होती, तिच्या सावलीत हे उभे असायचे. कामावर जाण्याआधी मला घरी सोडायला. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून, उन्हाळा असो, थंडी असो, वाळूचं वादळ असो. पुढे यायचे नाहीत, हातातली बॅग आपणहून घ्यायचे नाहीत, कशी गेली रात्र म्हणून विचारायचे नाहीत. मी बाहेर पडायची ती खाली बघत, रात्रभराच्या कुरबुरी सुरू करूनच, आणि चालता चालता बॅग त्यांच्या हातात द्यायची. मनात म्हणायची, दोन पावलं पुढे आला असता तर काय बिघडलं असतं या माणसाचं? ते तिथे असतील की नाही, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मला त्या क्षणी ह्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की चहा ओतताना चाचांच्या बशीत अर्धा कप सांडला.

सिमेंटच्या भिंतीत खिळा नुसता ठोकून जात नाही. भाईंनी गॅरेजमधून ड्रिल मागवून भोक पाडलं, त्यात लाकडाचा तुकडा बसवला, मग ह्यांना आत बोलावून हातात हातोडी दिली. ह्यांनी खिळा ठोकला. जर्सी लावली, नंबर सरळ केला आणि मागे सरून बघत राहिले. भाई म्हणाले, "खाली लिवायला पायजे, आलशी होता म्हनून." हे म्हणाले, "लिही." मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले आणि मी तोंड फिरवून कप गोळा करायला लागले.

पुढच्याच आठवड्यात हे गेले. विमानतळावर सगळी टीम आली होती. मी रडले नाही. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न, असं म्हणत मी सगळ्यांना हसून निरोप द्यायला लावला. घरी येऊन ह्यांचे कपडे आवरले, लेकीचा अभ्यास घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी रात्रपाळी लागली.

सकाळी सातला सुटले. वॉर्डात एक नवीन डॉक्टर आला होता, त्याने रात्री जीव नकोसा केला होता. गेटमधून बाहेर पडता पडता मी त्याला नावं ठेवायला सुरुवात केली. दोन-तीन वाक्यं बोलले असेन. उत्तर आलं नाही, पण त्यात काही नवं नव्हतं. मग चालता चालता बॅग बाजूला केली. ती कोणी घेतली नाही. हात तसाच धरून मी मान वर केली. केबिनच्या सावलीत कोणी नव्हतं. ड्यूटी सुटलेल्या बायका माझ्या दोन्ही बाजूंनी जात होत्या, आणि मी तिथेच, युनिफॉर्मवर, भर रस्त्यात उभी राहून हमसून हमसून रडले.